दोन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन घर आवरताना

चार वर्षांच्या मुलाला "खेळणी आवर" असं सांगून बघा. ते उठतं, एक गाडी उचलतं आणि तीच चालवत बसतं. आपण चिडतो, आळशी म्हणतो. पण "आवर" या एका शब्दात आपण सात-आठ कामं कोंबलेली असतात: आधी काय उचलायचं, ते कुठे जातं, तिथे जागा नसेल तर काय करायचं, झालं असं कधी समजायचं. मोठ्यांना हे न सांगता उलगडतं, मुलांना उलगडत नाही. त्याच मुलाला "सगळ्या गाड्या निळ्या टोपलीत टाक" म्हटलं तर दोन-तीन मिनिटांत काम उरकतं. वस्तू ठरलेली हवी, जागा ठरलेली हवी आणि ती जागा मुलाच्या हाताला येणारी हवी. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

एक-दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेला फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. घर मोठं असेल, अंगण असेल तर जागा बदलतील, पद्धत तीच.

घर मुलाच्या उंचीवर आणा

घरातल्या बहुतेक खुंट्या पाच फुटांवर असतात. तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटीमीटर उंच असतं. त्या खुंटीला पिशवी अडकवायला त्याला कुणाला तरी हाक मारावी लागते. त्यापेक्षा ती सोफ्यावर फेकणं सोपं. म्हणून मुलाची खुंटी त्याच्या खांद्याच्या रेषेत लावा: तीन वर्षांच्या मुलासाठी ७५ सेंटीमीटरच्या आसपास, सहा वर्षांच्या मुलासाठी ९० ते ९५. टोकदार लोखंडी हूक मात्र टाळा. थोरल्याच्या खांद्याची उंची ही धाकट्याच्या डोळ्यांची उंची असते. गोल लाकडी खुंटी चांगली. चिकटवायचे हूक टाइल्सवर किंवा सनमायकावर टिकतात, डिस्टेंपरच्या भिंतीवर लावले तर भरलेलं दप्तर रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतं. तिथे स्क्रूच मारावा.

दाराशी चपलांसाठी सर्वांत खालचा कप्पा मुलांचा. दोन वर्षांच्या मुलासाठी त्या कप्प्यात पुठ्ठा ठेवा आणि त्यावर त्याच्याच चपलांचे आकार पेनाने गिरवा. चप्पल आकारात बसली की काम झालं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. उजवी-डावी चुकली तरी पुठ्ठाच सांगतो.

खेळण्यांसाठी एकच मोठा टब ही सर्वांत महागात पडणारी खरेदी. तळाची गाडी हवी असली की टब पालथा होतो, म्हणजे दर वेळी सगळाच पसारा. त्याऐवजी बाजारात भाजीसाठी मिळतात तसल्या चार-पाच उथळ प्लास्टिकच्या टोपल्या घ्या, १५ सेंटीमीटरहून खोल नकोत. झाकण नको, झाकण ही मुलासाठी एक जादा पायरी. भरलेली टोपली दोन किलोच्या आत असावी, नाहीतर ते ती ओढत नेतं आणि वाटेत सांडतं. प्रत्येक टोपलीवर आत काय आहे त्याचं चित्र चिकटवा. पाच वर्षांनंतर चित्राखाली मोठ्या अक्षरात "ठोकळे", "गाड्या", "भातुकली" असं लिहा. वाचायला शिकणाऱ्या मुलाला हे शब्द रोज दिसतात, तो वरचा फायदा.

ज्या फडताळाच्या खालच्या खणांत मुलांच्या वस्तू असतील, ते वरच्या बाजूला एल आकाराच्या पट्टीने भिंतीला जखडा. खण उघडून त्याची शिडी करणं हे मुलांना कुणी शिकवत नाही, आपोआप सुचतं.

आधी पसारा कमी, मग शिस्त

दोनशे वस्तू असलेली खोली आवरणं मोठ्यालाही जड जातं. वाढदिवसाला जाऊन आलं की परतभेट म्हणून एक प्लास्टिकची वस्तू घरात येते, आणि ती तासाभरात मोडली तरी टाकायला कुणी धजत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा खेळणी बघा. मोडकी, अर्धवट आणि ज्यांचा जोडीदार हरवला आहे ती बाजूला करा. उरलेल्यांतली आठ-दहा बाहेर ठेवा, बाकीची जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून माळ्यावर. पंधरा दिवसांनी अदलाबदल केली की मुलाला जुनंच खेळणं नवं वाटतं. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मणी, छोटे ठोकळे, बटण सेलवर चालणारी खेळणी थोरल्याच्या वरच्या कप्प्यात. गिळलेला बटण सेल अन्ननलिका भाजतो आणि ते काही तासांत होतं, म्हणून इथे आळस परवडत नाही.

मुलासमोर त्याची आवडती वस्तू टाकून देऊ नका, चोरूनही नको. चोरून टाकलेलं कळलं की पुढे ते फुटकं झाकणसुद्धा कवटाळून बसतं. दोन वस्तू पुढे ठेवून "यातली कुठली ठेवू?" एवढंच विचारा.

कुठल्या वयाला काय

दोन वर्षांच्या मुलाची लुडबुड म्हणजेच मदतीची सुरुवात. आपण कांदे-बटाटे टोपलीत भरत असलो की ते मधे येतं. त्याला बटाटे द्या. मळके कपडे टोपलीत टाकणं, चप्पल पुठ्ठ्यावर ठेवणं, सांडलेल्या पाण्यावर फडकं टाकून दाबणं, एवढं या वयात होतं. या वयात त्याला दूर सारलं आणि आठव्या वर्षी "काही करत नाही" म्हणून ओरडलं, तर चूक कुणाची ते वेगळं सांगायला नको.

चौथ्या-पाचव्या वर्षी पानं घेणं हे सोन्यासारखं काम. आज जेवायला किती माणसं, तेवढी ताटं, तेवढ्या वाट्या, तेवढे पेले: मोजणं यातच येतं. भाजी उजवीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, मीठ-लिंबू वर मधे, ही आपली वाढायची रीत त्याला शिकवली तर डावं-उजवंही पक्कं होतं. स्टीलची ताटं द्या, एका वेळी एकच न्यायला सांगा. मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, कुंडीला पाणी घालणं हेही याच वयातलं. पाण्यासाठी अर्ध्या लिटरची बाटली द्या आणि "एका कुंडीला एक बाटली" असं ठरवून टाका. तांब्या दिला तर एकाच तुळशीला पाच तांबे मिळतात आणि मुळं कुजतात.

सहाव्या वर्षानंतर झाडू, अंथरुणाच्या घड्या, स्वतःचा डबा धुणं आणि दप्तर भरणं. डब्याची एक खुबी: शाळेतून आल्यावर तो लगेच उघडून मोरीत किंवा सिंकमध्ये पाणी घालून ठेवायचा. दप्तरात संध्याकाळपर्यंत राहिलेला डबा सहा वर्षांच्या हाताने निघत नाही, रबरी कडेत वास बसतो आणि मग मूल त्या कामालाच कंटाळतं. कडेची रबर काढून धुवायची असते, हे एकदा दाखवा.

हे सगळं मुलग्यांनाही. ज्या घरात मुलगी ताटं घेते आणि मुलगा टीव्ही बघतो, तिथे बाकीच्या युक्त्या चालत नाहीत. मुलीला दोन वर्षांत ते दिसतं.

झाडू हातात देताना

केर काढणं सोपं दिसतं, पण मुलांसाठी ते अवघड काम आहे, कारण केर कुठे न्यायचा हे त्यांना दिसत नाही. मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवाड्यांत यावर छान तोड आहे: जमिनीवर खडूने चौकोन काढतात आणि कचरा त्यात गोळा करायला सांगतात. ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात ताराबाई मोडक यांचा मोठा वाटा. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांच्या जागी गावात मिळणाऱ्या वस्तूच वापरल्या. तुम्हालाही मुलांचे रंगीत सफाईसंच विकत घ्यायची गरज नाही.

१. जुना, थोडा झिजलेला फूलझाडू घ्या. तो हलका असतो आणि नव्यासारखा भुसा गाळत नाही. नवाच असेल तर गॅलरीत उलटा धरून चांगला झटका. प्लास्टिकची मूठ मुलाच्या छातीपर्यंत येईल इतकी करवतीने कापा, कापलेल्या कडेवर कापडी चिकटपट्टी गुंडाळा. गवताची बांधणी मात्र कापू नका, पूर्ण झाडू सुटतो.

२. पंखा बंद करा. हे हमखास विसरतं आणि मग गोळा केलेला केर उडाला म्हणून मुलाला ओरडा बसतो.

३. खोलीच्या मधोमध एक फूट बाय एक फुटाचा चौकोन खडूने काढा. सरावासाठी कागदाचे कपटे चौकोनाबाहेर टाका.

४. न बोलता, हळू, एकदा करून दाखवा. झाडूचं टोक जमिनीवरून उचलायचं नाही, भिंतीकडून चौकोनाकडे ओढत आणायचं. बोलत बोलत दाखवलं तर मूल तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही.

५. सुपलीची कड ओल्या फडक्याने पुसून घ्या. ओली कड फरशीला चिकटते आणि शेवटी जी बारीक धुळीची रेघ उरते ती उरत नाही. सुपली तुम्ही धरा, केर मुलाने भरायचा. दोन्ही एकाच वेळी जमायला आणखी काही महिने लागतात.

६. पहिले काही दिवस फक्त एका कोपऱ्याचा केर. पलंगाखालचा, गॅसखालचा केर मोठ्यांचा.

ज्यांना दमा किंवा धुळीची ॲलर्जी आहे त्या मुलांना झाडू आणि गाद्या झटकणं देऊ नका. त्यांना ओल्या फडक्याचं काम द्या.

फडकं कसलं आणि पाणी किती

मुलाला टॉवेलचा तुकडा दिला तर तो भिजल्यावर इतका जड होतो की पिळता येत नाही, आणि फरशीवर तळं साचतं. सिंथेटिक साडीचा तुकडा पाणी शोषतच नाही, नुसतं पसरवतो. जुन्या सुती बनियनचे २५ बाय २५ सेंटीमीटरचे चौकोन कापा, लहान हातात मावतात आणि नीट पिळले जातात. पिळताना दोन्ही मुठी उलट्या दिशेला फिरवायच्या असतात, हे मुलांना माहीत नसतं, ती नुसतं दाबतात.

छोट्या बादलीत एक लिटर पाणी पुरे. काम झालं की बादली लगेच रिकामी करून पालथी. रांगणाऱ्या किंवा नुकत्या चालायला लागलेल्या मुलाला काही इंच पाणीही जीवघेणं ठरू शकतं, कारण डोकं आत गेलं की त्याला ते बाहेर काढता येत नाही.

पुसण्याच्या पाण्यात फिनेल नको, साधं पाणी चालतं. व्हिनेगर किंवा लिंबू घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आंबट त्यांना खातं, चकाकी जाऊन पांढरट डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. ग्रॅनाइटला तेवढी भीती नाही.

सांडलवंड ही रोजचीच, पण प्रत्येक गोष्टीची तऱ्हा वेगळी. पाणी-दूध आधी दाबून टिपायचं, मग पुसायचं. थेट पुसलं की दुप्पट जागा ओली होते. दुधाची जागा नंतर साध्या पाण्याने पुन्हा एकदा, नाहीतर वास आणि मुंग्या. शिजलेला भात झाडूने काढायला गेलात तर झाडूच खराब होतो. मोठी शितं पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडून घ्या, चिकटलेली तासभर वाळू द्या, मग सहज निघतात. तेलावर मूठभर पीठ भुरभुरायचं, ते शोषलं की पुठ्ठ्याने गोळा करायचं. हे काम मुलं दोनदा मागून घेतात. खेळायची माती सतरंजीत रुतली तर ओली असताना चोळू नका, वाळून कडक झाली की झटकली जाते. हळदीचा डाग साबणाने धुऊन उन्हात टाका, ऊन तो फिका करतं.

काच फुटली तर मुलं आधी पलंगावर, मग बाकी सगळं. मोठे तुकडे जाड कागदात गुंडाळा, आणि बारीक कण कणकेचा गोळा दाबून टिपा. तो गोळा टाकून द्यायचा, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना मोठ्याने सांगा.

कपड्यांचं थोडक्यात

घड्यांची सुरुवात रुमाल आणि नॅपकिनपासून. कडेला कड लावायची, मधली दुमड अंगठ्याने दाबायची. शर्ट आणि फ्रॉक सातव्या वर्षापर्यंत राहू द्या. मोज्यांच्या जोड्या लावणं चार वर्षांच्या मुलांना खेळ वाटतो, मात्र एका वेळी सहा जोड्यांहून जास्त पसरू नका. खालच्या दांडीवर किंवा स्टँडवर चिमटे लावून रुमाल वाळत घालायला द्या. लाकडी चिमट्याची स्प्रिंग कडक असते, नरम प्लास्टिकचा चिमटा लहान बोटांना झेपतो.

वेळ ठरवायची ती घड्याळाने नको

मुलाला "साडेसहा" कळत नाही, "दिवा लावायच्या आधी" कळतं. आपल्याकडे तिन्हीसांजेला केर काढत नाहीत. श्रद्धा असो-नसो, मुलांच्या दृष्टीने ही एक उत्तम मुदत आहे: दिवेलागणीच्या आधी खेळणी टोपल्यांत, केर डब्यात, मग हातपाय धुऊन शुभंकरोति. ज्यांच्या घरी दिवा लावत नाहीत त्यांनी "आई-बाबा ऑफिसातून यायच्या आधी" किंवा "कुकर लावला की" असं काही धरावं. रोज तीच खूण हवी, एवढंच.

दहा मिनिटं पुरेत. तीन वर्षांच्या मुलासाठी पाचच. त्या वेळात तुम्हीही त्याच खोलीत काहीतरी आवरत असायला हवं. फोन बघत सोफ्यावरून दिलेल्या सूचना मुलं ऐकत नाहीत, आणि खरं तर का ऐकाव्यात? भुकेलेल्या किंवा झोपेला आलेल्या मुलाकडून काही होत नाही, तेव्हा आधी खाऊ.

घरकामाला येणाऱ्या मावशी सकाळी येत असतील, तर त्या यायच्या आधी जमिनीवरचं उचलणं हे मुलांचं काम. त्यांनी केर काढायचा, मुलांचे मोजे गोळा करायचे नाहीत.

एका वेळी एकच सवय. चप्पल जागेवर जाणं न सांगता होऊ लागलं, की मगच दप्तर. पाच सवयी सोमवारी एकदम सुरू केल्या की गुरुवारपर्यंत एकही उरत नाही.

कुठे फिसकटतं

मुलाने केलेली घडी त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा करणं, हे पहिलं. त्यातून त्याला कळतं की आपण केलं काय न केलं काय, शेवटी आई करतेच. करायचीच असेल तर ते झोपल्यावर करा.

दुसरं, काम शिक्षा म्हणून देणं. "मारामारी केलीस, आता केर काढ" म्हटलं की केर काढणं कायमचं वाईट काम होतं. पैसे देणंही तितकंच घातक; पाच रुपयांवर सुरू झालेला व्यवहार आठवड्यात दहावर जातो. "तू पानं घेतलीस म्हणून सगळे वेळेवर जेवायला बसलो" एवढं सांगितलं तरी पुरतं.

मग आजी-आजोबा. "राहू दे रे सोन्या, मी करते" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य आठवड्याची मेहनत धुऊन टाकतं. आजीशी वाद घालू नका, तिलाच शिक्षिका करा. पालेभाजी निवडायला, वाती वळायला तिच्याइतकं नीट कुणी शिकवत नाही.

भावंडांना एकच खोली एकत्र आवरायला दिली तर "त्याने काही केलं नाही" यातच वेळ जातो. थोरल्याला पुस्तकं, धाकट्याला ठोकळे, अशी वस्तूंवरून वाटणी करा. खोलीचे दोन भाग पाडू नका, हद्दीवरून भांडणं होतात.

हात लावायचा नाही अशा गोष्टी

संडासाचं ॲसिड, ब्लीच, फिनेल, धुण्याचा सोडा, तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर, डासांचं लिक्विड: हे सगळं कुलपात किंवा मोठ्यांनाच हात पोचेल अशा कप्प्यात. सुटं फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय मोडा, मूल ते सरबत समजून पितं. कपाटातल्या डांबरगोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि विषारी असतात; मुलांच्या कपड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो मोठ्यांनाही भारी पडतो. काही प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करा.

पावसाळा आणि दिवाळी

पावसाळ्यात सगळी घडी विस्कटते ती दारातच. दाराबाहेर किंवा मोरीत छत्र्यांसाठी एक रिकामी बादली, आत सुती पायपुसण्याच्या दोन जोड्या, रेनकोटसाठी मुलाच्या उंचीची वेगळी खुंटी. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणं हे मुलांचं आवडतं काम. बोळे दोन तासांनी बदलायचे, ओले तसेच राहिले तर सकाळी बूट ओलाच आणि वर कुबट वास.

दिवाळीच्या साफसफाईत माळा, पंखे, जळमटं मोठ्यांची. मुलांना डबे द्या: रिकामे स्टीलचे डबे पुसणं आणि झाकणांच्या जोड्या जुळवणं. पितळेची समई-निरांजन चिंच आणि मीठ लावून घासायला पाच वर्षांचं मूल तासभर बसतं, फक्त नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायला हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी काळपट होतं. मातीच्या पणत्या दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवायचं कामही त्यांचंच. बुडवल्यावर बुडबुडे येतात ते थांबेपर्यंत ठेवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. अशी पणती तेल कमी पिते आणि जास्त वेळ जळते.